सफोकमध्ये मी निवडणुकीला उभी राहिले आणि पडले

"डिपॉझिट किती भरलंस?" तासगावहून आईचा पहिला प्रश्न.

"इथे डिपॉझिट नसतंच गं."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "मग जप्त काय होणार?"

आईच्या माहेरी तिचा चुलतभाऊ पंचायत समितीला उभा राहिला होता. त्या निवडणुकीच्या गोष्टी जीप, भोंगा आणि जप्त झालेल्या डिपॉझिटवाचून कधी पूर्ण झाल्याच नाहीत. त्यामुळे तिचं चुकलं नव्हतं. माझी निवडणूक तिच्या दृष्टीने जरा अळणीच होती.

इंग्लंडच्या पूर्व भागातल्या सफोक परगण्यात मिड सफोक नावाचा जिल्हा आहे. त्यातल्या एका खेड्यात मी अकरा वर्षं राहते. जवळचं मोठं गाव स्टोमार्केट. गावच्या दवाखान्याला लागून औषधांचं दुकान आहे, तिथे आठवड्यातले चार दिवस मी काउंटरवर असते. ४ मे २०२३ ला जिल्हा कौन्सिलची निवडणूक झाली, तिला मी अपक्ष उभी राहिले. पडले. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे वाचताना शेवटाकडे डोळे लागायला नकोत. जानेवारीत मी याबद्दल मराठीत शोधलं होतं, हाती काही लागलं नाही. पुढच्या कुणाला लागावं म्हणून हे लिहितेय.

आधी पात्रतेचं बोलू, कारण आपल्या बऱ्याच लोकांना ते ठाऊकच नसतं. माझा पासपोर्ट अजून भारताचाच आहे, निळा. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे इंग्लंडमध्ये वैध व्हिसावर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदारयादीत नाव घालून मत देता येतं. उभं राहायला मात्र नुसता व्हिसा चालत नाही, कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे आपण ज्याला आयएलआर म्हणतो, तो लागतो. वय १८ पूर्ण. शिवाय त्या जिल्ह्याशी काहीतरी नातं हवं: तिथल्या मतदारयादीत नाव, किंवा गेलं वर्षभर तिथे राहणं, किंवा वर्षभर तिथे मुख्य नोकरी, किंवा वर्षभर मालकीची वा भाड्याची जागा. यातलं एक पुरतं, पण जेवढी लागू असतील तेवढ्या सगळ्यांवर खूण करावी. एकात काही खोट निघाली तर दुसरं हाताशी राहतं. त्याच कौन्सिलच्या नोकरीत असाल तर उभं राहता येत नाही. आमचं दुकान खासगी, तो प्रश्न आला नाही. तरी मालकाला विचारून घेतलं. तो एवढंच म्हणाला, "काउंटरवर पत्रकं ठेवू नकोस."

आता उभी का राहिले? गावाबाहेरच्या शेतात नवीन घरं बांधायचा अर्ज आला होता. त्याच्या बैठकीत मी एक प्रश्न विचारला, साधाच, सांडपाण्याचा. बाहेर पडताना शेजारच्या आजी (मनात मी त्यांना आजीच म्हणते, तोंडावर त्यांच्या नावाने) म्हणाल्या, "मग तूच का उभी राहत नाहीस?" त्या बहुधा बोलून विसरल्या. मी विसरले नाही.

इथली रचना आपल्याला चटकन कळण्यासारखी आहे. सगळ्यात खाली पॅरिश कौन्सिल, म्हणजे ग्रामपंचायत. मध्ये डिस्ट्रिक्ट, म्हणजे मी उभी राहिले ती जिल्हा कौन्सिल, ती साधारण पंचायत समिती समजा. वर काउंटी, म्हणजे जिल्हा परिषद. कचरा उचलणं, बांधकाम परवानग्या, बेघरांची सोय हे डिस्ट्रिक्टकडे. रस्ते, शाळा, वाचनालयं काउंटीकडे. हे पाठ करून ठेवा. पुढचा महिनाभर लोक तुमच्याशी फक्त खड्ड्यांबद्दल बोलणार आहेत, आणि खड्डे तुमच्याकडे नसतात.

कागद एकूण तीन: उमेदवारी अर्ज, घरच्या पत्त्याचा फॉर्म आणि संमतिपत्र. पक्षाचे असाल तर पक्षाचं प्रमाणपत्र वेगळं. अपक्षाला ती भानगड नाही, नावापुढे 'अपक्ष' लिहा नाहीतर जागा कोरी सोडा. सूचक एक, अनुमोदक एक. पूर्वी दहा सह्या लागायच्या, आता दोनच पुरतात. पण दोघंही त्याच वॉर्डातले मतदार हवेत आणि त्यांचा यादीतला क्रमांक अचूक हवा. माझा इथेच घोळ झाला. आजी सूचक, त्यांच्या समोरचे निवृत्त पोस्टमन अनुमोदक. आजींनी क्रमांक म्हणून एका जुन्या कार्डावरचा आकडा दिला. यादी दर डिसेंबरात नव्याने निघते आणि आकडे बदलतात. निवडणूक कार्यालयात फोन केला तर त्यांनी चालू क्रमांक कसा बघायचा ते सांगितलं. सही घेण्याआधीच हे करा. सही झाल्यावर खाडाखोड करताना माझा हात थरथरला होता.

पत्त्याचा फॉर्म नीट वाचा. घरचा पत्ता जाहीर करायचा नसेल तर तसा पर्याय आहे, मग मतपत्रिकेवर फक्त जिल्ह्याचं नाव येतं. मी तोच घेतला. नवऱ्याचं म्हणणं, गावात सगळ्यांना आपलं घर माहीत आहे, लपवतेस कुणापासून? खरं आहे, पण गाव वेगळं आणि इंटरनेट वेगळं. संमतिपत्रावर जन्मतारीख आणि साक्षीदाराची सही लागते, आणि ते शेवटच्या तारखेच्या महिनाभर आधीपेक्षा जुनं चालत नाही. मी उत्साहाच्या भरात फेब्रुवारीतच भरून ठेवलं होतं. फाडून पुन्हा भरलं.

अर्जाची मुदत ४ एप्रिल, मंगळवार, दुपारी चार. चार म्हणजे चार. पोस्टाने किंवा ईमेलने चालत नाही, अर्ज हातोहात द्यायचा. मिड सफोकचं मुख्य कार्यालय इप्सविचमध्ये एंडेव्हर हाऊसला आहे, शेजारच्या बाबर्ग जिल्ह्याबरोबर एकाच इमारतीत. गंमत अशी की इप्सविच मिड सफोकमध्ये येतच नाही. आपल्या तालुक्याची कचेरी शेजारच्या तालुक्यात असावी, तसं. मी आठवडाभर आधी वेळ ठरवून गेले. तिथल्या बाईंनी प्रत्येक रकाना बोट ठेवून वाचला, माझं आडनाव दोनदा उच्चारून बघितलं, आणि म्हणाल्या, "छान. झालं." वीस मिनिटं. मी उगाचच खुर्चीत बसून राहिले, अजून काहीतरी असेल म्हणून. गाडीत बसल्यावर पोटात गोळा आला, कारण परत घेण्याची मुदतही ४ एप्रिलच्या चारपर्यंतच होती. त्यानंतर नाव मतपत्रिकेवर जाणारच.

५ एप्रिलला उमेदवारांची यादी लागली. आम्ही चौघं, एका जागेसाठी. मतपत्रिकेवर नावं आडनावाच्या इंग्रजी वर्णक्रमाने येतात, त्यामुळे मी सगळ्यात वर. शाळेत हजेरीला कायम पहिली असायचे, त्याचा एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा उपयोग झाला.

आता पैसे. खर्चाची मर्यादा त्या वेळी होती ८०६ पौंड, अधिक वॉर्डातल्या प्रत्येक मतदारामागे ७ पेन्स. दोन हजार मतदार धरले तर ९४६ पौंड. पुढे ही मर्यादा वाढली, तेव्हा तुमच्या वेळचा आकडा बघून घ्या. माझा सगळा खर्च दीडशेच्या आत बसला. संसदेच्या निवडणुकीत उमेदवाराचं एक पत्रक पोस्ट फुकट वाटतं, कौन्सिलच्या निवडणुकीत तशी सोय नाही. पत्रकं छापा आणि स्वतः टाका.

एक हजार पत्रकं छापून आली. देखणी. माझा फोटो, मागे पिवळंधमक रेपसीडचं शेत (आपल्या मोहरीचं चुलत भावंड, एप्रिलअखेर सगळा सफोक पिवळा होतो), खाली तीन मुद्दे. पहिला गठ्ठा मी आजींना कौतुकाने दाखवला. त्यांनी चष्मा लावून पुढून-मागून बघितलं आणि विचारलं, "छापणाऱ्याचं नाव कुठंय?"

निवडणुकीच्या प्रत्येक छापील कागदावर तो कुणी छापला, कुणी आणि कुणाच्या वतीने प्रसिद्ध केला, हे नाव-पत्त्यासकट असावं लागतं. नसलं तर गुन्हा. मी हे वाचलं होतं, अधोरेखितही केलं होतं, आणि छापखान्याला फाइल पाठवताना ती ओळ राहून गेली. चूक सर्वस्वी माझी. पुन्हा छापायचे तर आणखी शंभर पौंड. शेवटी पत्त्यांची चिकटपट्टी लेबलं आणली, घरच्या प्रिंटरवर तो मजकूर छापला, आणि गुड फ्रायडेच्या सुट्टीत आम्ही दोघं आणि मुलगी स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक हजार लेबलं चिकटवत बसलो. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या की लेबलं, काही कळेना. तीनशेनंतर मुलगी म्हणाली, "आई, तू जिंकलीस तर हे दरवर्षी करायचं का?" चार वर्षांनी एकदा, असं सांगितल्यावर तिने लेबल वाकडं लावलं.

पत्रकं टाकण्याची एक युक्ती पोस्टमनकाकांनी सांगितली, ती सोन्यासारखी. इथल्या दारांवरच्या पत्रपेट्यांच्या झडपांना कडक स्प्रिंग असते, आतून ब्रश असतो, आणि पलीकडे कुत्रा. बोटं आत घालायची नाहीत. कागद लाकडी कालथ्यावर ठेवायचा, कालथ्याने झडप ढकलायची, कागद आत, कालथा बाहेर. घरच्या कालथ्याला फोडणीचा वास, म्हणून अडीच पौंडांचा नवा घेतला. दुसऱ्याच दिवशी एका दारामागून कुणीतरी तो दातात पकडला. अर्धा मिनिट आमची रस्सीखेच चालली. कालथा मला मिळाला, टोकावर दातांच्या खुणांसकट.

अर्ज दाखल झाल्यावर लेखी मागणी केली की उमेदवाराला मतदारयादी फुकट मिळते. ती फक्त निवडणुकीच्या कामालाच वापरायची, नंतर मी ती बारीक कापून टाकली. यादी बघून मी वॉर्डाचे रस्ते वाटून घेतले. कागदावर सोपं दिसलं. प्रत्यक्षात दोन घरांमध्ये कधी पाऊण मैल, मध्ये खडीचा लांबलचक रस्ता, शेवटी गुलाबी भिंतींचं जुनं घर आणि कुणी घरी नाही. एका संध्याकाळी दोन तासांत अकरा घरं झाली. पक्षाचे लोक मोटारीतून तिघं-चौघं येतात, मी आणि माझी पाण्याची बाटली.

दार वाजवणं हे या सगळ्यातलं सगळ्यात अवघड काम, कागदपत्रं त्यापुढे काहीच नाहीत. पहिल्या घरासमोर मी कुंपणाचं फाटक तीनदा उघडून बंद केलं. दार उघडल्यावर बोलायचं वाक्य पाठ केलेलं, ते विसरले, आणि भलतंच बोलले: "मी काही विकायला आलेली नाही." बाई हसल्या. पुढे सगळीकडे मी तेच वाक्य वापरलं. बऱ्याच जणांना मी पार्सलवाली वाटले. एकांनी पार्सल घ्यायला हातही पुढे केला.

माझी वेगळीच अडचण होती. औषधांच्या काउंटरमुळे अर्धं गाव मला चेहऱ्याने ओळखतं, आणि कुणाला काय औषध चालू आहे हे मला माहीत असतं. दारात उभं राहून "कशी आहे तब्येत?" हेसुद्धा विचारायचं नाही, असं मी ठरवलं होतं. एका घरी आजोबांनी दार उघडलं. त्यांच्या गोळ्या दोन आठवडे न्यायच्या राहिल्यात हे माझ्या डोक्यात, तोंडात मात्र कचऱ्याच्या गाडीची वेळ. तेच शेवटी म्हणाले, "अरे हो, तू दिसलीस आणि आठवलं." दुसऱ्या दिवशी ते दुकानातून गोळ्या घेऊन गेले. मत दिलं का, माहीत नाही.

खड्डे तर होतेच. त्याशिवाय नॉर्विचपासून टिलबरीपर्यंत विजेचे मनोरे उभारायचा नॅशनल ग्रिडचा प्रस्ताव तेव्हा सफोकभर गाजत होता, प्रत्येक दुसऱ्या दारात तो निघायचा. त्याचा शेवटचा निर्णय जिल्ह्याच्या हातात नाही, हे सांगितलं की चेहरे पडायचे. 'बघते' म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं लोकांना. मला जमलं नाही, आणि त्यात माझी काही मतं गेली असणार. एका माणसाने मी कुठली हे विचारलं. मी गावाचं नाव सांगितलं. "नाही, खरं कुठली?" खरं सांगितलं. त्याने पत्रक परत माझ्या हातात दिलं आणि दार लावलं, आपटलं नाही. त्या दिवशी पुढची चार घरं मी नुसतीच पत्रकं टाकत गेले. अशा वेळी घरी जावं, चहा प्यावा. मी हट्टाने फिरत राहिले, त्याने काही साधलं नाही.

ईस्टरच्या रविवारी जाऊ नका. रात्री आठनंतर नको. जेवणाच्या वेळी नको, आणि इथली जेवणं सहाला असतात, आपली नव्हे. 'जाहिराती नकोत' अशी पाटी असेल तिथे मी टाकलं नाही. फाटक जसं होतं तसंच लावून या, आत मेंढ्या असतात.

त्या वर्षी इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच मतदानाला फोटो असलेलं ओळखपत्र सक्तीचं झालं होतं. वयस्कर माणसांना याचा पत्ता नव्हता. मी दारोदार माझ्या मुद्द्यांपेक्षा हेच जास्त सांगितलं: पासपोर्ट चालतो, वाहन परवाना चालतो, ज्येष्ठांचा बसचा पास चालतो, मुदत संपलेला असला तरी फोटो ओळखू येत असेल तर चालतो. काहीच नसेल तर फुकट प्रमाणपत्र मिळतं, त्याची मुदत २५ एप्रिल. आजींकडे बसचा पास होता, पण तो त्यांनी शिवणाच्या डब्यात ठेवला होता आणि डबा सापडत नव्हता. २३ तारखेला सापडला.

४ मे, गुरुवार. मतदान सकाळी सात ते रात्री दहा, आमच्या गावच्या हॉलमध्ये. दोनच दिवसांनी राजे चार्ल्स यांचा राज्याभिषेक, त्यामुळे हॉलभर तिरंगी पताका लावलेल्या (निळा, पांढरा, लाल, तरी मराठीत लिहिताना तिरंगीच म्हणवतं). मी सव्वासातला पोचले. टेबलावरच्या माणसापुढे भारताचा पासपोर्ट ठेवला. राष्ट्रकुलातल्या देशाचा पासपोर्ट चालतो, तरी छातीत धडधडत होतं. त्याने फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं, यादीत रेघ ओढली आणि कागद दिला. यंत्र नाही, शाई नाही. पडद्याआड दोरीला बांधलेली पेन्सिल. सगळ्यात वर माझं नाव, स्वतःचं नाव वाचायला मला अंमळ वेळच लागला. फुली मारली, घडी घातली, पेटीत टाकली. बोटाकडे सवयीने बघितलं. कोरं.

उमेदवाराला दिवसभर केंद्रांवर जाता येतं, आत प्रचार करता येत नाही. बाहेर पक्षांचे लोक छातीवर रंगीत फुलं लावून येणाऱ्यांचे क्रमांक टिपत होते, कोण अजून आलं नाही ते कळावं म्हणून. माझ्याकडे तेवढी माणसं नव्हती. दुपारी मी काउंटरवर गेले आणि गोळ्या मोजल्या.

मोजणी शुक्रवारी, ५ तारखेला. आत जाताना गुप्ततेचे नियम देतात. टेबलाच्या अलीकडे उभं राहायचं, कागदाला हात लावायचा नाही. आधी प्रत्येक पेटीतले कागद मोजून केंद्राच्या हिशेबाशी जुळवतात, कुणाला मत हे नंतर. या पहिल्या फेरीतच सरावलेले लोक उलटणाऱ्या कागदांवर नजर ठेवून वहीत टिंबं मारत असतात. शेजारचे गृहस्थ, प्रतिस्पर्धी पक्षाचे, मला हळूच म्हणाले, "तुमची कमी आहेत, पण आहेत." मला ते फार सभ्य वाटलं.

शंकास्पद मतपत्रिका बाजूला काढून सगळ्या उमेदवारांना दाखवतात. एकीवर चारही नावांपुढे फुली. एकीवर कुणावर तरी शेलकी टिप्पणी. एकीवर माझ्या नावापुढे हसरा चेहरा, दोन डोळे आणि तोंड, बाकी काही नाही. फुली नाही. अधिकाऱ्यांनी क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, कल स्पष्ट आहे, धरायचं. ते मत मला मिळालं. कोण असेल याचा मी आजही काउंटरवर अंदाज बांधते.

एकूण मतं शंभरीच्या थोडी वर गेली. चौघांत तिसरी. आजूबाजूला मात्र इतिहास घडत होता: ग्रीन पक्षाने ३४ पैकी २४ जागा घेतल्या, ब्रिटनमध्ये त्यांना पहिल्यांदाच एखाद्या कौन्सिलात स्वबळावर बहुमत मिळालं. हॉलच्या त्या टोकाला मिठ्या, कॅमेरे, ओरडा. मी कॉफीचा कप घेऊन भिंतीला टेकून उभी. गुलाल नव्हता. निवडून आलेल्या बाईंनी येऊन हात मिळवला आणि सांडपाण्याचा तो प्रश्न मला लिहून पाठवायला सांगितलं. रात्री आईला फोन केला. "शंभरावर?" ती म्हणाली. "तिथे आपले किती आहेत गावात?" आम्ही तिघं, त्यात मुलगी लहान. "म्हणजे बाकी सगळी त्यांचीच," आई म्हणाली.

पडलात तरी एक काम उरतं, आणि पडलेले लोक नेमकं तेच विसरतात. खर्चाचं विवरण. निकालानंतर ३५ दिवसांत, म्हणजे माझ्या बाबतीत ९ जूनपर्यंत. एक पैसा खर्च केला नसेल तरी शून्याचं विवरण द्यावंच लागतं, नाही दिलं तर गुन्हा. बिलं २१ दिवसांत यायला हवीत, पैसे २८ दिवसांत चुकते व्हायला हवेत. वीस पौंडांवरच्या खर्चाची पावती जोडायची. पहिल्या दिवसापासून एका पाकिटात पावत्या टाकत जा, मी बिस्किटांचा डबा वापरला. पत्रकं, लेबलं, शाईची बाटली. शेवटी प्रश्न पडला, कालथ्याचं काय? अडीच पौंड. प्रचारासाठीच घेतला, प्रचारातच चावला गेला. नवरा म्हणाला, सोड. मी सोडलं नाही. ही विवरणं कुणालाही मागून बघता येतात, तेव्हा इप्सविचच्या त्या कचेरीत माझ्या कागदावर 'लाकडी कालथा, १ नग' अशी ओळ दाखल झाली.